कषाय रस, वनस्पतिज पॉलिफिनॉल्स व पाचक विकरांचा अवरोध
(कोकणातील काही द्रव्यांच्या संदर्भात)

काजूचे बोंड मीठ न लावता खाल्ले की जीभ जड होते, टाळू ओढल्यासारखी वाटते आणि घसा खवखवतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातील प्रत्येक मुलाने हा कषाय रसाचा प्रत्यक्ष पाठ लहानपणीच घेतलेला असतो. पुढे महाविद्यालयात रसविज्ञान शिकताना चरकाचार्यांच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय वाचला, तेव्हा कषाय रसाच्या अतियोगाची लक्षणे ओळखीची वाटली. मुख सुकणे, उदर फुगणे, वाणी अडखळणे, स्रोतसे बद्ध होणे, वात-मूत्र-पुरीष यांचा अवरोध होणे ही ती लक्षणे. त्यांतच एक लक्षण असेही सांगितले आहे, की हा रस विष्टंभ करीत करीत पचतो. या शेवटच्या लक्षणाकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः तेवढाच आहे.

आधुनिक वनस्पतिरसायनशास्त्र ज्यांना पॉलिफिनॉल्स म्हणते, त्या गटातील टॅनिन्स ही कषाय रसाची प्रमुख भौतिक बैठक होय. बेट-स्मिथ व स्वेन या शास्त्रज्ञांनी १९६२ साली टॅनिनची जी व्याख्या केली, ती आजही वापरात आहे. पाण्यात विरघळणारी, साधारण ५०० ते ३००० रेणुभाराची आणि जिलेटिन, इतर प्रथिने व अल्कलॉइड्स यांचा साका पाडणारी फिनॉलिक द्रव्ये म्हणजे टॅनिन्स, असा तिचा आशय. कातडे कमावण्यासाठी हरडा, खैर व बाभळीची साल वापरतात ती याच गुणामुळे. कातड्यातील प्रथिने टॅनिनने बांधली जातात व कुजत नाहीत.

आता पाचक विकर, म्हणजे एन्झाइम्स, हीसुद्धा प्रथिनेच होत. लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेज, आमाशयातील पेप्सिन, स्वादुपिंडातील ट्रिप्सिन व लायपेज आणि लघ्वंत्राच्या आतील अस्तरावरील ग्लुकोसायडेज ही सर्व प्रथिने आहेत. जे द्रव्य कातडे बांधते ते यांनाही बांधणार, हे ओघानेच आले. प्रथिनातील प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेला भाग टॅनिनला विशेष प्रिय असतो. हायड्रोजन बंध व जलविरोधी आकर्षण या दोन मार्गांनी तेथे जोड होते. आपल्या लाळेत प्रोलिनयुक्त प्रथिने पुष्कळ असतात. टॅनिन आले की ती स्वतः बांधली जातात आणि साका होऊन बाजूला पडतात. त्यामुळे तोंडाचे वंगण जाते व मुखशोष जाणवतो. टॅनिनयुक्त आहार दिलेल्या उंदरांमध्ये लालाग्रंथी मोठ्या होऊन ही प्रथिने अधिक प्रमाणात स्रवू लागतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. याचा अर्थ, मुखातील ओढ ही शरीराची पहिली ढाल आहे. पुढच्या विकरांपर्यंत टॅनिन पोहोचू नये म्हणून लाळेतील प्रथिने आधी खर्ची पडतात.

विकरांचा अवरोध दोन निराळ्या प्रकारांनी घडतो व त्यांत गल्लत होता कामा नये. पहिला प्रकार वर सांगितला तो, सरसकट बांधण्याचा. यात टॅनिनला अमायलेज व डाळीतील प्रथिन हे दोन्ही सारखेच. दुसरा प्रकार नेमका आहे. क्वेर्सेटिन, ल्युटिओलिन, मायरिसेटिन यांसारखे लहान रेणू विकराच्या कार्यस्थानाशी किंवा त्याच्या जवळपास बसतात आणि पिष्टाला तेथे येऊ देत नाहीत. हरड्यातील चेब्युलॅजिक आम्ल हे ग्लुकोसायडेजचे अवरोधक म्हणून नोंदले गेले आहे. नाचणीच्या टरफलातील फिनॉलिक द्रव्ये ग्लुकोसायडेज व अमायलेज या दोहोंना रोखतात, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

मात्र परीक्षानळीतील निष्कर्ष जसेच्या तसे रुग्णाला लावू नयेत. बहुसंख्य प्रयोगांत यीस्टपासून काढलेले ग्लुकोसायडेज वापरतात, आणि जे द्रव्य यीस्टच्या विकराला जोरदार रोखते ते सस्तन प्राण्याच्या आतड्यातील विकरापुढे पुष्कळदा निष्प्रभ ठरते. शिवाय परीक्षानळीत अन्न नसते. ताटात माशाचे, डाळीचे, दुधाचे प्रथिन असते, आतड्यात पित्त असते. टॅनिन आधी त्यांना चिकटते व विकराच्या वाट्याला उरलेला अंशच येतो. चहात दूध घातले की त्याचा कषायपणा कमी होतो तो याच कारणाने. दुधातील केसीन टॅनिनला बांधून ठेवते.

या संदर्भात स्वतःची एक फजिती सांगणे उपयोगाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी दवाखान्यातच मी एक साधा प्रयोग केला. तांदळाची पातळ गाळलेली पेज, स्वतःची लाळ, हरड्याचा क्वाथ व पाणी घालून पातळ केलेले टिंक्चर आयोडीन एवढेच साहित्य. पेजेत लाळ मिसळून नळी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली, नंतर आयोडीनचा थेंब टाकला. निळा रंग आला नाही. पिष्ट पचले, हे अपेक्षितच होते. दुसऱ्या नळीत पेज, लाळ व हरड्याचा क्वाथ. येथे अवरोध होऊन निळा रंग यावा अशी अपेक्षा होती, पण येथेही रंग नाही! हरडा पिष्टाचे पचन उलट वाढवितो, असा निष्कर्ष काढून मी मोठ्या उत्साहाने चार वैद्यमित्रांना सांगितलेही. एकाने शांतपणे विचारले, “लाळ न घालता क्वाथ नि पेज घेऊन पाहिलंत का?” पाहिले, तर तेथेही रंग नाही. टॅनिन स्वतःच आयोडीनला खाऊन टाकीत होते. थेंब वाढवीत गेल्यावर लाळ नसलेली व क्वाथ असलेली अशा दोन्ही नळ्या निळ्या झाल्या, पहिली मात्र नाही. अवरोध होताच, तो झाकला गेला होता. हा प्रयोग अभ्यासवर्गात दाखवावयाचा झाल्यास लाळविरहित तिसरी नळी ठेवावीच. कोकमाचा आगळ घेऊन हा प्रयोग करू नये, कारण लाळेतील अमायलेज आम्लतेनेच थांबते व त्याचे श्रेय फुकट पॉलिफिनॉल्सना दिले जाते.

कोकम व त्याविषयीचा गोंधळ

कोकम, म्हणजे आपल्या ग्रंथांतील वृक्षाम्ल. पक्व फळास भावप्रकाशात संग्राही म्हटले आहे, आणि ग्रहणी-अतिसारात त्याचा उपयोग आपल्या भागात घरोघरी होतो. त्याच्या सालीतील लाल रंग सायनिडिन वर्गातील अँथोसायनिन्सचा असून गार्सिनॉल हे दुसरे लक्षणीय द्रव्य तीत आहे. ही द्रव्ये पॉलिफिनॉल्सच्या व्यापक कुटुंबात मोडतात. परंतु ज्या द्रव्यामुळे कोकम ‘वजन कमी करणारे’ म्हणून गाजले ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल पॉलिफिनॉल नव्हे, आणि ते ज्या विकरास रोखते तो सायट्रेट लायेज पेशींच्या आत मेद तयार करण्याच्या कामी असतो. पचनाशी त्याचा संबंध नाही. औषधविक्रेत्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. गार्सिनिया या नावाने मिळणाऱ्या कॅप्सूल दुसऱ्या जातीच्या फळाच्या तीव्र अर्काच्या असतात. अशा पूरकांच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. जेवणानंतरची वाटीभर सोलकढी आणि तो अर्क यांना एका मापाने मोजता येणार नाही.

सप्तरंगी

आपल्या जिल्ह्यात प्रमेहासाठी लोकपरंपरेने सर्वांत अधिक मागितले जाणारे द्रव्य म्हणजे सप्तरंगी. मुळाचा आडवा छेद घेतला असता दिसणाऱ्या वलयांवरून हे नाव पडले. अडचण अशी की या एकाच नावाने बाजारात सालेशिया व कॅसिरिया या दोन वेगवेगळ्या कुळांतील वनस्पतींची मुळे येतात. विकरांच्या अवरोधाविषयी जे संशोधन झाले आहे ते प्रामुख्याने सालेशियावर. तिच्यातील सॅलॅसिनॉल हे द्रव्य क्योटो येथील योशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली वेगळे केले आणि पाठोपाठ कोटालॅनॉलही मिळविले. ही दोन्ही द्रव्ये पॉलिफिनॉल्स नव्हेत. गंधकयुक्त शर्करासदृश रेणू होत. ग्लुकोसायडेजला ती अकार्बोजप्रमाणे नेमकेपणाने रोखतात. त्यांच्या जोडीला मॅन्जिफेरिन हे पॉलिफिनॉल सालेशियात असते, तेही हेच काम करते. आंब्याच्या पानांत व सालीतही ते आढळते.

या द्रव्याच्या सामर्थ्याची जाणीव मला पुस्तकातून झाली नाही. किनाऱ्यावरील एका गावातील साठीचे गृहस्थ, रापणीवर काम करणारे, माझ्याकडे येत असत. ॲलोपॅथिक डॉक्टरांनी दिलेली ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. मी जेवणापूर्वी सप्तरंगीचे चूर्ण सुरू केले आणि साखर आटोक्यात आली म्हणून आम्ही दोघेही खूष होतो. एके पहाटे गोळी व चूर्ण घेऊन ते रापणीवर गेले, जाळे ओढण्यास वेळ लागला व न्याहारी राहून गेली. घाम, थरथर व गोंधळल्यासारखे बोलणे सुरू झाले. सोबत्यांनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी दिले. तरीही पाऊण तासाने त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा ते घामाने निथळत होते. मुलगा म्हणाला, “डॉक्टरांनू, साखरेचा पाणी दिलंव, तरी घाम थांबूक नाय.” ग्लुकोज पावडर पाण्यातून दिल्यावर काही मिनिटांत ते सावरले. त्यानंतर पुढील तपासणीसाठी त्यांना रुग्णालयात पाठविले.

चूक माझी होती. सप्तरंगी एकटी दिली असता सहसा हायपोग्लायसेमिया करीत नाही. परंतु सल्फोनिलयुरिया गटाची गोळी किंवा इन्सुलिन सोबत असेल तर तो होऊ शकतो. आणि तो झाल्यावर घरगुती साखर कामी येत नाही, कारण साखर म्हणजे सुक्रोज. त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विभाजन करणारे विकरच आपण बांधून ठेवलेले असते. बिस्किट, पाव, पेज यांचीही तीच गत. अशा रुग्णास थेट ग्लुकोजच द्यावे लागते. ते जवळ नसल्यास मध द्यावा, कारण मधात ग्लुकोज मोकळ्या स्वरूपात असते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. अकार्बोज देणारे डॉक्टर ही सूचना रुग्णास देतात. सप्तरंगी देणारे आपण किती जण देतो? तेव्हापासून प्रत्येक प्रमेही रुग्णाच्या खिशात ग्लुकोजची पुडी आहे याची खात्री केल्याशिवाय मी हे चूर्ण देत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की सप्तरंगीच्या पुडीवर एवढी एक ओळ छापून घ्यावी. चिठ्ठीविना मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘साखरेची गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

कोणास द्यावे, केव्हा द्यावे

विकरांचा अवरोध ही क्रिया अन्नाच्या सान्निध्यातच उपयोगी पडते. जेवण आटोपल्यावर दोन तासांनी घेतलेले अवरोधक द्रव्य निरुपयोगी होय. म्हणून वाग्भटोक्त औषधकालांपैकी प्राग्भक्त व सग्रास हे काल येथे महत्त्वाचे ठरतात. सप्तरंगीसारखे नेमके अवरोधक पहिल्या घासाबरोबर द्यावे. टॅनिनप्रधान द्रव्ये, उदाहरणार्थ हरडा, आवळकाठी, विजयसार, जांभूळबी, माशाच्या किंवा डाळीच्या घासात मिसळली तर त्या प्रथिनांनाच चिकटतात. ती जेवणाच्या किंचित आधी पाण्यातून देणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

न पचलेले पिष्ट पक्वाशयात उतरले की तेथील जंतू ते आंबवितात. त्यातून वायू होतो. अकार्बोज घेणाऱ्या रुग्णांची मुख्य तक्रार पोटफुगीची असते व चरकोक्त उदराध्मान, विष्टंभ हेच सांगतात. मेदस्वी, बलवान, स्थूल प्रमेही हा त्रास सोसू शकतो, त्याला त्याचा लाभही होतो. कृश प्रमेही, जीर्ण ग्रहणीचा रुग्ण, वाढत्या वयाचे मूल व गर्भिणी यांच्यात मुळात अन्नाचा अंश अंगी लागत नाही, तेथे विकरांना बांधणे म्हणजे अपतर्पणात भर. टॅनिन अधिक असलेली ज्वारी खाद्यात दिली असता कोंबड्यांचे वजन कमी भरते, हे कुक्कुटपालन करणाऱ्यांस ठाऊक आहे.

तरुण ज्वरात कषाय वर्ज्य सांगितला आहे तोही याच दृष्टीने पाहता येईल. तेथे चरकाचार्यांनी स्वतःच खुलासा केला आहे, की निषेध कषाय कल्पनेचा नसून कषाय रसाचा आहे. बद्ध झालेले दोष पचत नाहीत व विषमज्वर उत्पन्न करतात. आमातिसारात प्रारंभीच संग्राही देऊ नये हाही त्याच न्यायाने आलेला नियम. पावसाळ्यात अतिसाराच्या रुग्णास पहिल्याच दिवशी डाळिंबसाल किंवा मायफळ देण्याचा मोह होतो, पण जलसंजीवनी व लंघन-पाचन आधी. शार्ङ्गधराने ग्राही व स्तंभन यांत जो भेद केला आहे तो येथे कामाचा आहे. शुंठी, जीरक ही दीपन-पाचन करून उष्णतेने द्रव शोषणारी ग्राही द्रव्ये. रूक्ष, शीत, कषाय ती स्तंभन. टॅनिनप्रधान द्रव्ये दुसऱ्या गटात पडतात.

पांडुरोगाविषयी थोडे. टॅनिनमधील गॅलॉइल गट लोहाशी घट्ट बांधले जातात. भाताच्या जेवणासोबत चहा घेतल्यास त्यातील लोहाचे शोषण सुमारे ११ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आल्याचे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आपल्याकडे जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. लोहकल्प देताना चहा व सुपारी दोन तास दूर ठेवण्यास सांगावे. नवायस लोहात त्रिफळा असते मग तिचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व लोहशोषणास साहाय्य करते, म्हणजे एकाच कल्पात दोन विरुद्ध बले आहेत. शेकडो वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेल्या त्या कल्पाचे मूल्यमापन चहाच्या मापाने करण्याची घाई मी करणार नाही.

स्वयंपाकघरातील संस्कार

आपल्या बायकांनी हे शास्त्र नाव न घेता सांभाळले आहे. कुळथात पॉलिफिनॉल्सबरोबरच ट्रिप्सिनला रोखणारे प्रथिनही असते. कुळीथ भाजून, भरडून, सालपट काढून पिठी करतात तेव्हा सालीतील टॅनिन निघून जाते व उष्णतेने ते प्रथिन बरेचसे निकामी होते. म्हणून आजाऱ्यालाही पिठी-भात चालतो, कच्चे कुळीथ चालत नाहीत. नाचणीचे सत्त्व काढताना ती भिजवून, वाटून, गाळून घेतात. टरफल मागे राहते व त्याबरोबर पॉलिफिनॉल्सही. हे सत्त्व तान्ह्या बाळास उत्तम, पण प्रमेही रुग्णास ‘नाचणी खा’ असे सांगितल्यावर तो घरी जाऊन सत्त्वच खात असेल तर उद्देश फसला. त्याला भाकरी सांगावी, तीही न चाळलेल्या पिठाची. बोंडाचा रस निवळण्यासाठी त्यात साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज घालतात, जिलेटिनही वापरतात. टॅनिन पोटात बांधले जाण्याऐवजी भांड्यातच बांधले जाते व तळाशी बसते.

औषधनिर्मात्यांसाठी

भावप्रकाशात हरड्याविषयी सांगितले आहे, की चावून खाल्ला असता तो अग्नी वाढवितो, वाटून घेतल्यास मलशोधन करतो, वाफविलेला संग्राही होतो व भाजलेला त्रिदोष हरतो. कल्पनेनुसार कर्म बदलते, ही गोष्ट टॅनिनच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. हरडा, आवळा यांतील टॅनिन्स दीर्घकाळ उकळल्यास फुटून गॅलिक व एलॅजिक आम्ल बनते. हे लहान रेणू प्रथिनांना तितकेसे बांधीत नाहीत. खैर, विजयसार यांतील टॅनिन्स संघनित प्रकारची असून ती उकळून फुटत नाहीत, उलट एकमेकांस जुळून लाल, अविद्राव्य गाळ बनतो. यास्तव त्रिफळ्याचा क्वाथ व खदिराचा क्वाथ यांस एकच उकळीचा नियम लावता येत नाही. प्रमेहासाठी द्यावयाची आवळकाठी फार आटवू नये. चूर्ण किंवा फांट बरा.

लोखंडी कढईत कषाय द्रव्यांचा क्वाथ केला की तो शाईसारखा काळा होतो. शाई पूर्वी याच रीतीने करीत. सिद्ध लोहकल्पाखेरीज अन्यत्र हा संयोग टाळून स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे.

आलेल्या मालाची प्राथमिक परीक्षा घरच्या घरी होते. क्वाथाच्या गाळलेल्या थेंबात पातळ फेरिक क्लोराइड टाकल्यास हरडा, आवळा, मायफळ यांत निळसर काळा रंग येतो, खैर, विजयसार यांत हिरवट काळा. मीठ घातलेल्या एक टक्का जिलेटिनच्या द्रावणात क्वाथ टाकल्यावर साका पडला नाही तर माल जुना, भिजलेला अथवा अगोदरच अर्क काढून वाळविलेला असण्याचा संभव आहे. सप्तरंगीसाठी ही परीक्षा पुरेशी नाही, कारण तिचे मुख्य द्रव्य टॅनिन नाही. तेथे मूळ अखंड मागवावे, छेद पाहावा आणि शंका आल्यास नमुना वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून घ्यावा. चूर्ण करून आलेली सप्तरंगी मी स्वीकारीत नाही.